मामा तलावांची वजाबाकी

माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले; बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. त्यांच्या पाळी, म्हणजे बांध, अजून उभ्या आहेत. आतून काय काय चाललंय, त्याची ही नोंद.

पाणकर. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, कुणाच्या बांधीला (धानाच्या खाचराला) आधी पाणी सोडायचं, हे तो बघायचा. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाणकराचं काम हळूहळू कुणाचंच उरलं नाही.

देवधान. काठच्या उथळ पाण्यात आपसूक उगवणारं रानटी धान.

मरळ. पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते. आडोसा गेला की तीही जाते.

तलवार बदक. हिवाळ्यात पार उत्तरेकडून येतं. हे बुडी मारून खाणारं बदक नव्हे. शेपूट वर, डोकं पाण्यात, पाय मारत तोल सांभाळायचा आणि मान पोहोचेल तिथवरच्या चिखलातलं बी, कंद टिपायचे. तळ त्याहून खाली गेला, तर तलाव कितीही भरलेला असो, त्याच्यापुढचं ताट रिकामंच. खोलीकरणात पोकलेनने काठ सरळ उभा कापला, की नेमकं हेच होतं. काढलेला गाळ घनमीटरमध्ये मोजतात, बिल निघतं. देवधानाला मोजमाप पुस्तिकेत रकाना नाही.

सारस. गोंदियात मोजकेच उरलेत. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

बेशरमाची झुडपं तेवढी वाढताहेत. तोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला तरी फुटतो. म्हणून बेशरम मुळासकट उपटावी लागते, उन्हाळ्यात, पाणी मागे सरल्यावर. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षीही. ढिवर समाजाच्या बायकांनी काही तलावांत हे करून दाखवलं आहे: बेशरम काढली, स्थानिक पाणवनस्पती शोधून आणून लावल्या. हे काम हातांचं आहे, खर्च मजुरीचा. पण सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं, आणि तलावाचा तळ उघडा पडतो एप्रिल-मेमध्ये.

अशा कामांसाठी छोटे पैसे देण्याची रीतही विरत चालली आहे. पाणथळ जागांसाठीच्या रामसर कराराचा लघु अनुदान निधी 1990 साली सुरू झाला होता. एका प्रकल्पाला जास्तीत जास्त 40,000 स्विस फ्रँक. देणगीदार आटले, निधी गुंडाळला गेला.

जिल्हा नियोजन समित्यांना आणि सीएसआरचा पैसा वाटणाऱ्या कंपन्यांना एक कळकळीचं मागणं आहे. एका तलावाला थोडेच पैसे द्या, पण सलग पाच वर्षं द्या. ते मच्छीमार सोसायटीच्या आणि महिला गटांच्या हाती द्या, आणि मे महिन्यात खर्च करू द्या.