ठोकळा

आमच्या आण्णांचं गॅरेज कराड–चिपळूण रस्त्याला, पाटणच्या अलीकडं. गॅरेज म्हणजे तेव्हा चार पत्रे, एक चिंच आणि ऑइल सांडून काळी झालेली जमीन. दहावीची परीक्षा देऊन मी चुलत्याच्या हाताखाली पाने पुसायला गेलो, ते साल १९९४.

तेव्हा लिफ्ट कुठली? बाटली जॅक आणि बाभळीचे ठोकळे, एवढ्यावर जीप उचलायची. आण्णांचा एकच नेम होता. "जॅक उचलायला, ठोकळा धरायला. तेलावर उभी ऱ्हायल्याली गाडी कवा बसंल सांगता येत न्हाई."

जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता. वडापची एक जीप मागचा पाटा तुटून आली. माणसं रस्त्याकडेला ताटकळत उभी आणि ड्रायव्हरची सारखी घाई. आण्णांनी चासीला जॅक लावला, मागचं डावं चाक काढलं आणि मला म्हणाले, "ठोकळा लाव रं." मी ठोकळा आत सरकवला. तो चासीला टेकला नव्हता. वर चार बोटं फट होती आणि खाली ओला मुरूम. मला ते दिसत होतं. पण ड्रायव्हर डोक्यावर उभा होता, आणि दुसरा उंच ठोकळा आणायला पार चिंचेखाली जावं लागणार होतं.

"लावलास का?"

"लावला."

आण्णा खाली शिरले. थोड्या वेळानं मुरूम दबला, जॅक कलला आणि जीप बसली. ठोकळा आडवा झाला. चाक काढलेलंच होतं, त्यामुळं ड्रम थेट आण्णांच्या पायावर आला. त्याच माणसांनी जीप उचलून धरली आणि आण्णांना बाहेर ओढलं. चार महिने प्लास्टर. पाय जुळला, पण आखूडच झाला. कुणी विचारलं की आण्णा सांगायचे, "जॅक सटकला." मीही तेच सांगत राहिलो.

आता गॅरेज आण्णांचा नातू बघतो. खाली सिमेंटचा जाड कोबा आहे आणि त्यावर दोन खांबांची लिफ्ट. गेल्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा पुण्याच्या पोरांची एक जीप आली होती. घाटमाथ्यावर चिखलात घालून मागचं हाउसिंग वाजवून आणलेलं. गाडीला मोठाले टायर, पुढं लोखंडी बंपर आणि विंच, टपावर कॅरिअर.

पोरानं आधी टपाकडं बघितलं, वर पत्र्याला लागेल का म्हणून. मग कॅरिअरवरचं सामान उतरवायला लावलं. गाडी खांबांच्या मधोमध घेतली. चारी हात चासीखाली सरकवले. ब्रेकची नळी कुठं दबत नाही ना, ते वाकून पाहिलं. गाडी उंच, म्हणून पॅडखाली उंची वाढवणारे तुकडे घातले. मग चाकं जमिनीपासून वीतभर सुटतील एवढीच उचलली आणि बंपर धरून गदागदा हलवली. नाक किंचित खाली गेलं.

"विंचचं वजन आहे काका," असं म्हणून त्यानं गाडी परत टेकवली, हात पुढं सरकवले आणि पुन्हा वीतभर उचलली. पुन्हा हलवली. आता हलली नाही. तेव्हा कुठं ती वर गेली. दोन्ही खांबांतली लॉकं खटखट वाजत होती. पाहिजे त्या उंचीवर आल्यावर त्यानं ती थोडी खाली घेऊन लॉकांवर बसवली. म्हणजे भार तेलावर नाही, लोखंडावर. हाउसिंग उतरलं की मागचं वजन जाणार आणि गाडी पुढं कलणार, म्हणून पुढच्या बाजूला चासीखाली उंच स्टँड लावला.

एवढं झाल्यावर आण्णा खुर्चीतनं उठले. काठी टेकत गेले आणि एकेक पॅड बघत लिफ्टला वळसा घालून आले. गाडीवाला पोरगा हसला. "आजोबा, लिफ्ट चार टनांची आहे."

"लिफ्ट चार टनांची हाय बाबा. पर गाडी टेकलीया ह्या चार वाट्यांवर."

मग चहा आला. आम्ही दोघंच चिंचेखाली बसलो होतो. मी म्हणालो, "आण्णा, त्या दिवशी ठोकळा टेकला नव्हता. मी बघितलं होतं, तरी लावला म्हणालो."

आण्णांनी बशीत चहा ओतला. "म्हाईत हाय. पाय अडकला तवा तोंड तिकडंच हुतं माझं."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? तू पोरगं हुतास. खाली मी गेलतो. जो खाली जातो त्यानं आपल्या डोळ्यानं बघायचं असतं. दुसऱ्याच्या 'लावला'वर जायचं न्हाई. ती चूक माझी." थोडं थांबून म्हणाले, "लावला म्हनालास, ती तुझी."

दुपारी दुसरी जीप लिफ्टवर चढली. वीतभर उचलून, हलवून झाली, लॉकांवर बसली. पोरानं हाक मारली, "आजोबा, बघताय न्हवं?"

आण्णा उठले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "जा, बघून ये."

मी गेलो. चारी पॅडांवरनं बोट फिरवलं, कुठं फट आहे का पाहिलं. दोन्ही लॉकं पाहिली. मग परत पहिल्या पॅडपासून सुरुवात केली.