बोका

वाघांच्या जिल्ह्यात बोक्याचं कौतुक कोण करणार? ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सींची रांग लागते आणि हा चंद्रपुरातल्या एखाद्या थंड खोलीत, काळ्या पेटीत, वर्षानुवर्षं पडून असतो. नाव टॉमकॅट, जात वेब सर्व्हर. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जेम्स डंकन डेव्हिडसननं त्याला घडवलं, आणि १९९९ मध्ये तो अपाची संस्थेकडे गेला. स्वतःचं स्वतः बघेल असा प्राणी डेव्हिडसनला नावासाठी हवा होता, म्हणून बोका. (स्वतःचं बघतो हे खरं, पण मेमरी फार खातो.)

काम एकच. दारावर आलेला पत्ता वाचायचा आणि आत कुणाकडे जायचं ते ठरवायचं. ८०८० नंबरचं पोर्ट हे त्याचं नेहमीचं दार. पत्त्यातलं होस्टचं नाव तो आधी आपल्या यादीत शोधतो. नाव अनोळखी निघालं तरी हाकलत नाही, ठरलेल्या मूळ होस्टकडे नेऊन सोडतो. एका होस्टला दुसरं नाव असलं तरी त्याची हरकत नसते, आणि हे चंद्रपूरच्या माणसाला समजावून सांगायला नको. गाव चंद्रपूर, पण गोंदियाकडून येणारी गाडी उतरवते चांदा फोर्टला. आयुध निर्माणी भद्रावतीत, नाव चांद्याचं. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यातही चांदाच.

मग आतला हिशोब. 'वेबॲप्स' फोल्डरमध्ये ठेवलेल्या वॉर फाइलीचं, म्हणजे ॲपच्या गाठोड्याचं, नाव हाच पत्त्याचा पुढचा तुकडा. समजा 'वन' नावाचं ॲप आहे, त्यात तेंदू, बांबू, मोह. आधी तंतोतंत जुळणारा पत्ता. तो नसेल तर सर्वांत लांब जुळणारी वाट: 'तेंदूखालचं सगळं माझं' म्हणणारा सर्व्हलेट, म्हणजे उत्तर देणारा जावा प्रोग्राम, असेल, तर 'सगळंच माझं' म्हणणाऱ्याला बोका विचारत नाही. त्यानंतर एक्स्टेन्शन, म्हणजे शेपटीवरून ओळख. पण 'सगळंच माझं'वाला एकदा घरात असला की शेपटीवाल्यांचा नंबर लागतच नाही. या एका नियमानं किती प्रोग्रामरांच्या दुपारी खाल्ल्या असतील! कुणीच नसेल तर डिफॉल्ट सर्व्हलेट फाइल शोधतो, आणि फाइलही नसेल तर ४०४. स्पेलिंगमधलं एक अक्षर कॅपिटल झालं तरी पत्ता वेगळा. गयावया चालत नाही.

इतका पत्त्यांचा पक्का, पण स्वतःचा पत्ता मात्र त्याला ठाऊक नाही.

बोक्याच्या घरात राहणारी सोप पद्धतीची वेब सेवा आपली ओळख डब्ल्यूएसडीएल नावाच्या फाइलीत देते. मला कुठे हाक मारायची, तेही त्यातच. ती फाइल मागितली की हा पत्ता बहुतेकदा त्या क्षणी भरला जातो, आणि तोही मागणाऱ्यानं कोणत्या नावानं हाक मारली त्यावरून. आता बोका सहसा थेट रस्त्यावर बसत नाही, पुढे निरोप आत नेणारी प्रॉक्सी असते. अपाचीच्या प्रॉक्सीला वेगळं सांगितलं नसेल, तर बाहेरचं नाव ती आत पोचवत नाही. बोक्याच्या कानी येतं 'लोकलहोस्ट ८०८०', आणि तो निमूट तेच लिहून देतो. समजा, ही फाइल दूरच्या भामरागडला पोचते. तिथला कॉम्प्युटर इमानदारीनं लोकलहोस्टकडे जातो, म्हणजे स्वतःकडेच, आणि स्वतःच्याच ८०८० वर टकटक करतो. कनेक्शन रिफ्यूज्ड. इकडे फोन येतो, "नेट गेलं जी!" तिथं ते खरोखरच इतक्या वेळा जातं, की कुणाला शंका येत नाही. पावसाळा असला तर सगळा दोष पर्लकोटा नदीच्या पुराला.

इलाज फार नाही. बोक्याच्या सेटिंगमधल्या कनेक्टरच्या ओळीत 'प्रॉक्सीनेम' आणि 'प्रॉक्सीपोर्ट' लिहून दिलं की बोका बाहेरचं नाव आणि ४४३ नंबर घडाघडा सांगू लागतो. मात्र त्याच ओळीत 'स्कीम' लिहायचं राहिलं, तर पत्त्याच्या तोंडाशी एचटीटीपीएसऐवजी नुसतं एचटीटीपी येतं, आणि भामरागडहून पुन्हा फोन.