त्यांची गाठ घालायची कशी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या दिवाणखान्यात एक मुलगा आणि एक मुलगी तीन आठवडे एकमेकांना भेटू पाहत होती, आणि ते काही केल्या जमत नव्हतं. गैरसमज नको! ती दोघंही कागदावरची होती. खरीखुरी होती ती त्यांची गाठ घालायला बसलेली पाच मंडळी : आमची धाकटी कन्या आणि तिचे कॉलेजातले चार सोबती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी त्यांना पंधरा मिनिटांचा एक चित्रपट काढायचा होता. प्रेमाचा, आणि तोही विनोदी. शेवट ठरला होता, मधला घोटाळाही ठरला होता. घोडं अडलं होतं ते सुरुवातीपाशी.

नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या जात होत्या, आणि चिवड्याचा डबा रोज रिकामा होत होता. मी आपला वर्तमानपत्राआडून कानोसा घेत होतो. ज्या माणसाने जन्मभर विमा कचेरीत दाव्यांवर टिपणं लिहिली, त्याने या भानगडीत पडू नये हे मलाही कळतं. पण प्रेमप्रसंग सुचवण्याचा मोह कोणाला आवरला आहे?

"सायकलींची टक्कर होऊ दे," मी म्हटलं.

"सायकलवर आता कोण येतं, बाबा?"

"मग स्कूटरची."

"मग पहिला प्रसंग इस्पितळात घ्यावा लागेल."

ग्रंथालयात दोघांचा हात एकाच पुस्तकावर पडतो, ही माझी दुसरी सूचना. पुस्तकं आम्ही मोबाइलवर वाचतो, असं उत्तर आलं. पावसात एकच छत्री, ही तिसरी. त्यावर कोणी काही बोललंच नाही. एका मुलीने माझ्याकडे, आजोबांकडे पाहावं तसं, मायेने पाहिलं.

त्यांच्यातला कॅमेऱ्याचा जाणकार एक उंच, चष्मेवाला मुलगा होता. त्याने मला हिशेब समजावून दिला. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. पंधरा मिनिटांचा चित्रपट म्हणजे पंधरा पानं. त्यातली पहिली अडीच पानं सुरुवातीची. तेवढ्यात प्रेक्षकाला ती दोघं आवडली पाहिजेत, आणि एकमेकांना मात्र आवडता कामा नयेत. हे ऐकल्यावर माझी विम्याची टिपणं मला फारच सोपी वाटू लागली.

मग त्यांनी रोज रात्री जुने चित्रपट पाहायला सुरुवात केली. मीही मागच्या खुर्चीत बसू लागलो. मास्टर विनायकांचा, अत्र्यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' (1938) पाहिला. नायकाने ब्रह्मचर्याची शपथ घेतली, की पुढे मीनाक्षी शिरोडकर येणार आणि ती शपथ मोडणार, हे बाकावरच्या शेवटच्या पोरालाही कळतं. तरी मजा येते, किंबहुना म्हणूनच येते. फ्रँक काप्राच्या 'इट हॅपन्ड वन नाइट' (1934) मध्ये नायिका बापाच्या नौकेवर उपोषण करते आणि सरळ समुद्रात उडी टाकून पोहत निघून जाते. नायक तिला पुढे बसमध्ये भेटतो, आणि पहिलं भांडण होतं ते बसायच्या जागेवरून! त्याच नटीच्या, लुबित्शच्या 'ब्लूबिअर्ड्‌स एट्थ वाइफ' (1938) मध्ये तर नायक दुकानात पायजम्याच्या जोडातला फक्त वरचा सदरा मागतो. दुकानदार द्यायला तयार नाही. इतक्यात एक तरुणी येते, तिला फक्त खालचा पायजमा हवा असतो. मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. आणि सई परांजपे यांच्या 'चश्मे बद्दूर' (1981) मध्ये दीप्ती नवल 'चमको' नावाची कपडे धुण्याची पावडर विकायला दारात उभी राहते, आणि अभ्यासात बुडालेल्या फारुख शेखसमोर बादलीत कपडा बुचकळून दाखवते. प्रेमाची सुरुवात फेसाने झालेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

त्या रात्री कन्या एकदम म्हणाली, "भेट कशी होते याला काही महत्त्वच नाही. भेटायच्या आधी दोघं कशाच्या मागे होती, ते हवं. तिला पळून जायचंय, हिला पावडर खपवायचीय. आपल्या नायिकेला काय करायचंय?"

सगळे भिंतीकडे पाहू लागले. नायकाच्या नावाखाली सात चिठ्ठ्या होत्या : कँटीनची उधारी, क्रिकेटचा संघ, तोंडी परीक्षेची धास्ती, आणखी काय काय. नायिकेखाली एकच होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'सुंदर, हसरी.'

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग कन्येने माझ्याकडे मोर्चा वळवला. "बाबा, तू आणि आई पहिल्यांदा भेटलात, तेव्हा काय झालं होतं?"

या प्रश्नाची तर मी तीन आठवडे वाट पाहत होतो! मी खुर्ची पुढे ओढली. एप्रिल 1990. सदाशिव पेठेतला वाडा. आम्ही पाच जण सतरंजीवर दाटीवाटीने बसलेलो. ही निळ्या साडीत पोह्यांच्या बश्या घेऊन आली. मान खाली. लाजेने ओठ किंचित थरथरत होते. मी त्याच क्षणी मनाशी ठरवलं... ही गोष्ट मी दर दिवाळीला कोणाला ना कोणाला सांगतो, त्यामुळे ती आता चांगली घोटली गेली आहे.

"लाज कसली!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "सनावळ्या पाठ करत होते मी."

सौ. पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "दुसऱ्या दिवशी एम. ए.चा पेपर होता. मराठ्यांचा इतिहास. सालबाईचा तह 1782, वसईचा 1802, देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव 1803. ओठ थरथरत होते म्हणे! यांच्या मंडळींना दुसऱ्याच दिवशी गावी परतायचं होतं, म्हणून त्याच संध्याकाळी पोहे. आणि यांनी विचारलं काय, तर स्वयंपाक येतो का?"

"मी नाही, आत्याने विचारलं," मी घाईघाईने म्हणालो.

"अहो, आत्याबाईंनी गाण्याचं विचारलं. स्वयंपाकाचं तुम्हीच. मी हो म्हणाले. हो म्हटलं की लवकर उठता येतं."

पोरं खो खो हसली. मघाची ती मायाळू मुलगी मात्र हसली नाही. ती भराभर लिहीत होती.

"मग पेपर कसा गेला, आई?"

"बरा गेला. सुर्जी-अंजनगाव विचारलाच नाही."

"आणि पुढे?"

"पुढे काय? दुसरा वर्ग मिळाला. पीएच.डी.ला नाव घालायचं मनात होतं. पण निकालाच्या आधी, मे महिन्यात लग्नच झालं." हे ती इतक्या सहज म्हणाली, की जणू भाजी संपली असं सांगते आहे. आणि दूध उतू जाईल म्हणून आत निघून गेली.

पस्तीस वर्षं मी त्या थरथरणाऱ्या ओठांच्या आठवणीवर खूश होतो. पीएच.डी.चं मी कधी ऐकलं नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं, की मी विचारलं नव्हतं? दुसरंच खरं असावं.

अडीच पानं त्याच रात्री लिहून झाली. नायिकेच्या थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे येतात. नायिकेचा उद्या पेपर, आणि पोह्यांच्या बश्या मात्र तिनेच फिरवायच्या. प्रत्येक बशीच्या बुडाला तिने टिपणाची एकेक चिठ्ठी चिकटवली आहे. चौथ्या बशीपाशी वर पाहते, तर नवरदेवाचा धाकटा भाऊ म्हणजे तिच्याच वर्गातला तो! महिन्यापूर्वी याने तिची इतिहासाची वही नेलेली, आणि ती पावसात भिजून तिचा लगदा झालेला. हे सांगायची त्याची छाती नाही. त्याला बशी उलटी करून खालची चिठ्ठी वाचायची आहे, तिला वही हवी आहे, आणि थोरली मंडळी गाण्याचं विचारताहेत.

चित्रीकरण एका रविवारी आमच्याच घरात झालं. पोहे तीनदा करावे लागले, कारण दिव्यांच्या उष्णतेने ते वाळून जात होते. वराकडचे काका कमी पडत होते. ती भूमिका माझ्या वाट्याला आली. वाक्य एकच : "स्वयंपाक येतो का?"

पहिल्या वेळी मी अडखळलो. दुसऱ्या वेळी हसलो. पाचव्या वेळी कन्येने कॅमेरा थांबवला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, इतकं प्रेमाने नको विचारू. तेव्हा विचारलं होतंस, तसं विचार."

मी दाराकडे पाहिलं. सौ. पोह्यांची चौथी खेप घेऊन उभी होती. मान खाली होती, आणि ओठ हलत होते. कुठला तह चालला आहे, हे विचारायचा मला धीर झाला नाही.