वरच्या घराचं देणं

पणजीच्या आल्तिनो टेकडीवर घर बांधायला घेतलं की मी सर्वांत आधी पाण्याच्या वाटा शोधतो. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर एवढ्यातच. टेकडी जांभ्याची. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पोटात घेतो, आणि खाली शेडीची चिकणमाती लागली की तेच पाणी आडवं सरकत पायथ्याला झऱ्यांतून बाहेर पडतं. पायथ्याच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीतला फिनिक्स झरा आणि दुसऱ्या बाजूचा बोका द व्हाका हे याच टेकडीचे झरे. घरोघरी नळ येण्याआधी लोक इथे पाणी भरत. म्हणजे वर खोदलेल्या प्रत्येक पायाचा संबंध खालच्या वस्तीशी पोहोचतो.

पर्यावरणाचा विचार म्हणून छपरावर सौर पॅनेल मीही बसवतो. पण उतार कापून सपाट केला आणि अंगण काँक्रीटने बुजवलं, तर त्या पॅनेलने ते नुकसान भरून निघत नाही. म्हणून मी घरच टप्प्याटप्प्याने उतरवतो. एका पातळीवर बैठक, चार पायऱ्या खाली स्वयंपाकघर, त्याखाली निजायच्या खोल्या. खोदकाम कमी होतं आणि निघालेली माती तिथेच भरावाला लागते. मातीचा रेटा भिंतीच्या उंचीच्या वर्गाने वाढतो. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट. त्यामुळे तीन मीटरच्या एका भिंतीऐवजी पुरेसं अंतर सोडून दीड-दीड मीटरच्या दोन भिंती घालाव्यात, मधल्या पट्ट्यात झाडं लावावीत. भिंतीमागे खडी आणि अंगात पाणी निघायला भोकं हवीतच. अडलेलं पाणी भक्कम भिंतीलाही ढकलून देतं.

भिंतींसाठी जांभ्याचा चिरा मला प्रिय आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. त्यावर चुन्याचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायला वाव राहतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं.

फोंतेन्याससारख्या जुन्या वस्तीच्या शेजारी बांधताना तिथल्या बाल्कन्यांची नक्कल करावी असं मला वाटत नाही. घ्यायचं ते प्रमाण: बेताची उंची, अरुंद दर्शनी बाजू, भिंतीला पावसापासून राखणाऱ्या रुंद वळचणी. उतारावर छप्परही दर्शनीच असतं, कारण वरचा शेजारी रोज तेच बघतो. तिथे कौलं हवीत, पाण्याच्या टाक्यांची रांग नको.

माझा नकाशा प्लॉटच्या हद्दीपाशी संपत नाही. खालची घरं, विहिरी, गटारं त्यात येतात. घर चांगलं झालं की नाही, हे मी पहिल्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात तपासतो: खालच्या शेजाऱ्याच्या भिंतीला नवी ओल येता कामा नये, आणि मे महिन्यात त्याच्या विहिरीचं पाणी आपल्यामुळे घटता कामा नये.