पहिल्या पानावर काय काढायचे?



तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अभ्यासाच्या पुस्तकांशेजारी मुलांची गोष्टींची पुस्तके असतील. दिवसभराची कामे आवरून तुम्ही अभ्यासाला बसता, तेव्हा जवळच एखादे मूल चित्रे पाहत पहुडलेले असते. त्या चित्रांत जगाच्या आरंभाचे एक चित्र असण्याची शक्यता पुष्कळ आहे. क्षीरसागर, त्यावर शेषशायी विष्णू, त्याच्या नाभीतून उमललेले कमळ आणि कमळात चतुर्मुख ब्रह्मदेव. आपण हे चित्र इतक्यांदा पाहिलेले असते, की ते कोणीतरी कधीतरी ठरवून काढले आहे, याचा आपल्याला विसर पडतो. मुलांसाठी सृष्टिकथा सांगताना असे कितीतरी निर्णय घ्यावे लागतात. त्यांविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी निरनिराळ्या परंपरांतील सृष्टिकथांचे एक छोटे सचित्र पुस्तक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. चित्रे एक तरुण चित्रकार काढणार होता. पहिली कथा मी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तावरून लिहिली. तेव्हा सत् नव्हते आणि असत्‌ही नव्हते, अंधाराने अंधार झाकलेला होता, असे हे सूक्त सांगते. मी ते सोप्या मराठीत उतरवले आणि चित्रकाराकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "सर, काहीच नव्हते हे मी कसे काढू? काळा रंग दिला तरी काळे काहीतरी आहेच की!"

शब्दाला 'नव्हते' म्हणता येते, चित्राला म्हणता येत नाही. चित्रात जे येते ते असतेच. शब्दांनी संदिग्ध ठेवलेली गोष्ट चित्राला निश्चित करावी लागते आणि मुलाच्या मनात ती निश्चित झालेली गोष्टच राहते. बायबलमधील 'उत्पत्ती'च्या पुस्तकाचे उदाहरण घ्या. एदेन बागेतल्या निषिद्ध फळाचे नाव त्या कथेत दिलेलेच नाही, तरी युरोपीय चित्रकारांनी सफरचंद रंगवले आणि आज जगभरची मुले ते सफरचंदच होते असे मानतात. देव कसा दिसतो, हेही ती कथा सांगत नाही. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रोममधील सिस्टाइन चॅपेलचे छत रंगवताना त्याला पांढऱ्या दाढीचा बलदंड वृद्ध केले आणि पुढे मुलांच्या असंख्य पुस्तकांत देव तसाच दिसू लागला. उलट, इस्लामी परंपरेत मुलांची पुस्तके करणारे चित्रकार सहसा ईश्वराचे आणि प्रेषितांचे चित्र काढत नाहीत. आकाश, पाणी, झाडे, पक्षी आणि प्रकाश यांवरच ते निर्मितीची कथा उभी करतात. काय काढायचे नाही, हे ठरवणे हाही कथा सांगण्याचाच एक प्रकार आहे.

'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायाने आमच्या चित्रकाराला आणखी एका पेचात टाकले. तेथे प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो आणि सूर्य, चंद्र, तारे चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांचा उजेड कुठून आणायचा? त्याने कोपऱ्यात सूर्य काढला नाही. काळ्या पानाच्या मधोमध कागदाचा एक पट्टा कोरा ठेवला. मूळ कथा किती बारकाईने वाचावी लागते, हे मला त्या कोऱ्या पट्ट्याने दाखवले.

मराठीच्या अभ्यासकांना असे पुनर्कथन नवे नाही. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले. बायबलमधील सृष्टीची कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा येथील श्रोत्याच्या ओळखीचा शब्द वापरला. या एका शब्दाबरोबर किती चित्रे श्रोत्याच्या डोळ्यांपुढे आली असतील, याची कल्पना करून पाहा. पुनर्कथन करणारा निवड करतो आणि त्या निवडीतून कथा पुन्हा घडते.

आमच्या पुस्तकातली सर्वांत अवघड निवड पुरुषसूक्तापाशी आली. त्याच दहाव्या मंडलातील या सूक्तात विराट पुरुषाच्या अवयवांपासून विश्व निर्माण होते. मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य, प्राणापासून वारा, पायांपासून भूमी. त्याच सूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्याशी चार वर्णांची उत्पत्तीही जोडलेली आहे. प्रकाशकांनी सुचवले की, ते चार भागांचे चित्र प्रसिद्ध आहे, तेवढे एक पान भरून द्यावे. चित्रकार म्हणाला, "हे मी काढणार नाही. वर्गात हे पान उघडले, की पोरे एकमेकांकडे बघतील." त्याने स्वतःच्या शाळेची काही हकीकत सांगितली नाही. मीही विचारली नाही.

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात ब्रह्मदेवाच्या अवयवांपासून वर्ण निर्माण झाल्याच्या कथेचीच त्यांनी उलटतपासणी केली. सृष्टीची कथा वरवर भूतकाळाविषयी असली, तरी आज कोणी कुठे बसायचे हेही ती सांगत असते, हे त्यांनी ओळखले होते. मोठ्या वाचकाने पुरुषसूक्त आणि 'गुलामगिरी' शेजारी ठेवून वाचावीत. पण सात वर्षांच्या मुलाला प्रथम दिसते ते चित्र. युक्तिवाद पुष्कळ नंतर येतो, काहींच्या वाट्याला तो येतही नाही. मधल्या काळात त्या मुलाने पायांजवळच्या माणसात स्वतःला पाहिले, तर त्याची भरपाई कोणती तळटीप करणार?

आम्ही सूर्य, चंद्र, वारा आणि भूमी काढली, वर्ण वगळले. मात्र काही वगळले आहे ही गोष्ट लपवायची नाही, असेही ठरवले. शेवटी मोठ्या माणसांसाठी अर्धे पान लिहून काय गाळले आणि का गाळले, ते सांगितले. त्या अर्ध्या पानावरून पुस्तक बरेच महिने अडून राहिले. अखेर ते छापले गेले, फक्त टाइप बारीक झाला.

निवड करताना दुसऱ्या कथा हाताशी असतील तर मोठा आधार मिळतो. मध्य प्रदेशातील पाटणगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम यांनी आपल्या समाजाच्या उत्पत्तिकथा चित्रांतून मांडल्या आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सने 'क्रिएशन' या नावाने त्यांचे पुस्तक काढले. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडेही गोंड वस्ती मोठी आहे. गोंडांच्या कथेची रूपे अनेक आहेत. त्यांतल्या एकात चहूकडे पाणीच पाणी असते. बडादेव कावळ्याला माती शोधायला पाठवतो. दमलेल्या कावळ्याला खेकडा भेटतो आणि माती मिळते ती गांडुळाच्या पोटातून. ही कथा आमच्या पुस्तकात आली, तेव्हा जग निर्माण करणाऱ्यालाही गांडुळाची गरज पडते, हे मुलांना चित्रातच दिसले. वर कोण आणि खाली कोण, याचे उत्तर तेथे शब्दांत द्यावे लागले नाही.

शेवटच्या पानाविषयीही मतभेद झाले. नासदीय सूक्त उत्तर देऊन संपत नाही. ही सृष्टी कोठून झाली हे परम आकाशातल्या तिच्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, अशी शंका घेऊन ते थांबते. मुले गोंधळतील म्हणून ही शंका काढावी, अशी सूचना होती. आम्ही ती राहू दिली. मुले शंकेने गोंधळत नाहीत, कारण दिवसभर ती शंकाच विचारत असतात. गोंधळ झाला तर तो आपला होतो.

आज-उद्या तुमच्या घरातले मूल असे चित्र समोर धरील आणि विचारील, "हे खरंच असं झालं का?" तेव्हा 'हो' किंवा 'नाही' म्हणून पान उलटण्याची घाई करू नका. हे कोणाच्या कथेतले चित्र आहे, ते सांगा. दुसऱ्या लोकांनी हीच गोष्ट कशी सांगितली, तेही सांगा. मग चित्रात कोण मोठा काढला आहे आणि कोण लहान, हे दोघांनी मिळून पाहा. साहित्याचा विद्यार्थी म्हणून तुम्ही या अभ्यासक्रमात जे शिकत आहात, ते त्या क्षणी तुमच्या मुलाच्या उपयोगी पडेल.