चार बाटल्यांची स्वारी

आमच्या प्रिंटरची स्वारी उठते तीच घसा खाकरत. बटण दाबलं की पोटात खर्रर्र होतं, आतलं हेड डावीउजवीकडे दोन-तीन येरझाऱ्या घालतं, एक उसासा ऐकू येतो आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. घाईतल्या माणसाने तेव्हा समोर उभं राहू नये. अंगाने बुटकी, रंगाने काळी, दर्शनी बाजूला चार खिडक्या. काळी, निळी, किरमिजी, पिवळी शाई कुठवर आली आहे ते बाहेरून दिसतं. इतकं उघडं पोट घेऊन बसलेलं दुसरं यंत्र आमच्या सरस्वतीपुरमच्या घरात नाही.

तिची नेमणूक दोन कामांसाठी झाली: फोटो आणि पत्रिका. आमचं घर मराठी, शेजार कन्नड, नातलग बेळगावपासून पुण्यापर्यंत पसरलेले. बारशाची पत्रिका एका अंगाला मराठी आणि दुसऱ्या अंगाला कन्नड लागते. म्हैसुरात नवरात्रात घरोघर गोंबे, म्हणजे बाहुल्या, पायऱ्यांवर मांडतात; ते बघायला बोलावण्याचं एक चिटुकलं कार्ड असलं की बायकांना बरं वाटतं. ही कामं वीस-पंचवीस प्रतींची. छापखान्यात गेलं तर तो विचारतो, ‘शंभर करू ना सार्?’ पंचविसांचं काम तो करत नाही असं नाही, पण चेहरा असा करतो की आपणच शंभर म्हणून मोकळे होतो.

गाव मात्र शाईचं आहे. मतदानाच्या वेळी बोटाला लागते ती न पुसणारी शाई इथल्या म्हैसूर पेंट्समध्ये तयार होते. नाल्वडी कृष्णराज वडियार महाराजांच्या काळात, १९३७ साली, लाख आणि रंगांचा कारखाना म्हणून ही कंपनी सुरू झाली आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून देशाच्या बोटांना तिची शाई लागते आहे. नोटा छापणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या दोन कारखान्यांपैकी एक इथेच, आणि त्या नोटांच्या शाईसाठी २०२२ साली ‘वर्णिका’ नावाचा वेगळा कारखाना निघाला, वर्षाला दीड हजार टन शाई करण्याच्या क्षमतेचा. अशा गावात राहून आमच्या स्वारीची शाई मात्र ओल्या बोटाने पुसते. मतदाराच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीलाच काळं करतं. हिच्या रंगीत शाया पाण्यात विरघळलेल्या रंगांच्या. कागदावर पसरून चमकतात खऱ्या, पण पाण्याशी त्यांचं जुनं नातं तुटत नाही.

आता मराठी पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना काय लावतात? ओलं हळदकुंकू. पहिल्याच पत्रिकेवर कोपऱ्यातली छापील वेलबुट्टी कुंकवात मिसळून वाहू लागली. तेव्हापासून घरात नियम आहे की कोपरे कोरे ठेवायचे, नक्षी मधे.

इथेच तिच्या स्वभावातली मोठी अडचण कळते. फोटो आणि पत्रिका या दोन कामांना उलट गुण लागतात. फोटोला विरघळणारी शाई आणि चकचकीत कागद हवा, म्हणजे चेहऱ्यावरची छटा मऊ येते. पत्रिकेला जाड कागद आणि पाण्याला दाद न देणारं काळं अक्षर हवं. ते काम बारीक कणांच्या, म्हणजे पिगमेंटच्या शाईचं. पण ती काळी शाई चकचकीत कागदावर नीट धरत नाही, बोटाला येते. म्हणून आमच्या स्वारीत तडजोड आहे: काळी पिगमेंटची, बाकी तीन विरघळणाऱ्या. फोटो छापताना ती काळीला बाजूला बसवते आणि तीन रंग मिसळून काळं तयार करते. त्यामुळे आजीचे केस किंचित तपकिरी दिसतात. आजीची त्याला हरकत नाही.

देवराज अर्स रस्त्यावरच्या दुकानात हिच्याबरोबर आणखी चौघे उभे होते. एक कार्ट्रिजवाला, किमतीने सगळ्यांत गरीब, चार-पाच हजारांत घरी यायला तयार. पण त्याची दोन-तीनदा शाई बदलली की यंत्राएवढेच पैसे जातात. दुसरा लेझर. अक्षर कोरीव, शाईऐवजी पूड, त्यामुळे सहा महिने झोपून उठला तरी ताजा. पण फोटोत त्याला गती नाही, आणि शाईच्या प्रिंटरसाठीचा चकचकीत कागद त्याच्या तापलेल्या पोटात घातला तर त्यावरचा लेप वितळून आतच चिकटतो. तिसरा पोस्टकार्डाएवढा, फक्त फोटोचा. पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी पारदर्शक लेप असे चार हात फिरवून तो फोटो बाहेर काढतो, आणि तो पाण्याने पुसत नाही. फारच देखणा. पण कागद त्याचाच, आकार त्याचाच; पत्रिकेचं नाव काढू नये. चौथा सहा रंगांचा, फिकट निळा आणि फिकट किरमिजी जास्तीचे असल्याने गालावर ठिपके दिसत नाहीत. किंमत मात्र आमच्या स्वारीच्या दुपटीच्या घरात. तेवढ्या पैशांत स्टुडिओतून किती फोटो निघतील याचा हिशेब आमच्या घरात लगेच झाला, आणि चौथा तिथेच राहिला.

आमच्या स्वारीसारख्या, बाटलीने शाई ओतून भरायच्या प्रिंटरला विकत घेताना जास्त पैसे पडतात आणि पोसताना कमी. बाटली चारशेच्या आतबाहेर येते. तिच्यात पासष्ट मिलिलिटर शाई धरली आणि एक थेंब तीन पिकोलिटरचा मानला, तर एका बाटलीत दोन हजार कोटींहून जास्त थेंब होतात. ते केसाहून बारीक भोकांतून नेमके टाकायचे, हीच तिची सगळी विद्या.

आणि हीच तिची व्याधी. भोकं उघडी राहायला शाई वाहती हवी. एप्रिलच्या कोरड्या उन्हात चामराजनगरकडून वारा सुटला आणि स्वारी पंधरा दिवस बसून राहिली की निळा रंग गायब. मग नोझल चेक, मग हेड क्लीनिंग. ही साफसफाई म्हणजे भोकांतून जोराने शाई ओढून एका स्पंजात फेकणं. म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेली शाई तिने चूळ भरून टाकायची. स्पंज भरला की दिवा लागतो आणि दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं. माझ्या मते प्रिंटर घेताना खरा प्रश्न किमतीचा नाहीच. आठवड्यातून एकदा तरी रंगीत काही छापण्याजोगं घरात असतं का, एवढं बघावं. आमच्याकडे नातीच्या शाळेचे तक्ते असतात, म्हणून स्वारी धडधाकट आहे. ज्यांच्याकडे वर्षातून दोनदाच फोटो निघतात त्यांनी प्रिंटर घेऊच नये, स्टुडिओ गाठावा.

तिच्याकडून काय होत नाही हेही सांगायला हवं. सोनेरी होत नाही. चार शायांत सोनं नाही, त्यामुळे म्हैसूर सिल्कची जर फोटोत हळदीच्या पाण्यासारखी येते. म्हैसूर शैलीच्या चित्रांत देवाच्या दागिन्यांना सोन्याचा वर्ख लावतात. या गावच्या नजरेला ते तेज माहीत आहे, म्हणून पिवळट गणपती कुणाच्या मनास येत नाही. पांढरंही होत नाही. पांढरं म्हणजे कोरा कागद. लाल हातकागदावर पांढरी अक्षरं हवीत असा हट्ट पुण्याच्या भावोजींनी धरला होता. शेवटी लाल कागदावर काळी अक्षरं आली आणि भावोजी गप्प बसले. जगन्मोहन पॅलेसमध्ये रविवर्म्याची मूळ चित्रं पाहताना मला त्याच्या छापखान्याची आठवण येते. १८९४ साली घाटकोपरला सुरू झालेल्या, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यात एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करत. लक्ष्मीच्या गालावरची लाली हा एका दगडाचा प्रश्न होता. त्या मानाने चार बाटल्यांत लग्नघर उरकणारी ही स्वारी फार काटकसरी म्हणायची.

पत्रिकेचं तंत्र मात्र तिला शिकवावं लागतं. पुढच्या ट्रेमधून कागद घेऊन पोटात वळवणाऱ्या यंत्राला जाड कार्ड झेपत नाही. आमची पाठीमागून घेते, तेही दोनशे-सव्वादोनशे जीएसएमपर्यंत बिनतक्रार. त्यापुढे एकेक पान हाताने द्यायचं. दोन्ही बाजूंनी छापायचं तर दुहेरी मॅट कागद, आणि घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने रेघ ओढायची, म्हणजे घडीवर कागद फाटत नाही. मजकूर नातलगांकडून पीडीएफ म्हणूनच मागवायचा. जुन्या फाँटात टाइप केलेलं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आमच्या संगणकावर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ होतो आणि वऱ्हाडींनी कुठे जायचं ते कुणालाच कळत नाही. फोटोतही एक मेख आहे. चार बाय सहाचा कागद फोनच्या आडव्या फोटोपेक्षा लांबट असतो. कडेपर्यंत छाप म्हटलं की स्वारी वरखाली कातरते, आणि मागच्या रांगेत उभे असलेले काका कपाळापासून वर नाहीसे होतात. काकांना आधीच सांगून पुढे बसवलेलं बरं.

परवा समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी आल्या. मुलाच्या मुंजीच्या पत्रिका करायच्या होत्या, आणि प्रिंटर घ्यावा म्हणत होत्या.

‘कुठला घेऊ हो?’

‘मुंजीनंतर त्यात काय छापणार, वहिनी?’

त्यांनी बराच विचार केला. वीजबिल, एकदा मुलाचा ओळखपत्राचा फोटो, मग पुन्हा वीजबिल. पलीकडे स्वारीने मधेच एक उसासा टाकला.

‘मग असं करते,’ वहिनी म्हणाल्या, ‘तुमच्याकडेच छापून घेते. कागद माझा, शाई तुमची.’

‘आणि कोपरे कोरे,’ मी म्हटलं.

‘कोपरे कोरे कशाला? मला तर चारी कोपऱ्यांत मोर हवेत.’