रिओ, ब्राझिलिया, साओ पावलो : लष्करी राजवटीकडे गेलेली वाट

ब्राझील म्हटले की आपल्याकडे फुटबॉल, कॉफी आणि ॲमेझॉनचे जंगल आठवते. या देशात १९६४ पासून १९८५ पर्यंत सलग २१ वर्षे लष्कराची हुकूमत होती, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त साओ पावलोत राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे जाणे झाले, तेव्हा आम्ही उभयतांनी रिओ आणि ब्राझिलियाही पाहिले. चांगला भला, निवडणुका घेणारा देश लष्कराच्या हाती गेला कसा, हे या तीन शहरांत फिरताना पायरीपायरीने उलगडत जाते.

पहिली पायरी रिओतील कातेते राजवाड्याची. १८९७ ते १९६० या काळात देशाचा कारभार इथून चाले. आता तिथे प्रजासत्ताकाचे संग्रहालय आहे. खालचे दिवाणखाने झुंबरांनी आणि सोनेरी नक्षीने भरलेले, पण लोक वर जातात ते एका साध्या शयनगृहासाठी. तिथे राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ वार्गास यांचा रेघारेघांचा पायजमा ठेवला आहे आणि त्याच्या छातीवर गोळीचे छिद्र आहे. पायजमा हा आपल्या घरातला शब्द पोर्तुगीजमध्येही जवळजवळ तसाच बोलला जातो, त्यामुळे खालची पाटी वाचायला दुभाषा लागला नाही.

वार्गास १९३० मध्ये लष्कराच्या पाठिंब्याने सत्तेवर आले. १९३७ मध्ये त्यांनी होऊ घातलेली निवडणूक रद्द करून हुकूमशाही आणली. १९४५ मध्ये त्याच लष्कराने त्यांना घरी बसवले. पुढे १९५० मध्ये ते रीतसर मतांनी निवडून आले. ऑगस्ट १९५४ मध्ये त्यांचे कट्टर विरोधक, पत्रकार कार्लोस लासेर्दा यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात हवाई दलाचा एक अधिकारी मारला गेला. धागेदोरे वार्गास यांच्या अंगरक्षकांच्या प्रमुखापर्यंत पोहोचले. सेनापतींनी राजीनामा मागितला. २४ ऑगस्टला सकाळी वार्गास यांनी याच खोलीत स्वतःवर गोळी झाडून घेतली. बातमी पसरताच लोक रस्त्यावर उतरले आणि विरोधकांना तोंड लपवावे लागले. लष्कराची चाल या एका मृत्यूमुळे दहा वर्षे लांबली, असे अनेक अभ्यासक मानतात.

रिओहून आम्ही विमानाने ब्राझिलियाला गेलो. राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी देशाच्या मध्यावर, ओसाड पठारावर, ही नवी राजधानी उभारली. २१ एप्रिल १९६० रोजी तिचे उद्‌घाटन झाले. लुसिओ कोस्ता यांनी आखलेल्या शहराचा नकाशा विमानासारखा दिसतो. मुख्य इमारती ऑस्कर नीमायर यांच्या. संसदेचे दोन उंच जुळे मनोरे, एका बाजूला पालथ्या वाटीसारखा सिनेटचा घुमट, दुसऱ्या बाजूला उताण्या वाटीसारखे प्रतिनिधी सभागृह. समोरच्या चौकात संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर काढावी तशी ही आकृती, पण तिला पहिले तडे वर्ष-सव्वा वर्षातच गेले.

जानिओ क्वाद्रोस यांनी प्रचारात झाडू हाती घेतला होता. भ्रष्टाचार झाडून काढू, असे सांगत ते मोठ्या मताधिक्याने निवडून आले आणि जानेवारी १९६१ च्या अखेरीस त्यांनी सूत्रे घेतली. सात महिनेही झाले नव्हते, तोच २५ ऑगस्टला त्यांनी अचानक राजीनामा दिला. संसद आपली मनधरणी करील आणि जादा अधिकार देईल, असा त्यांचा हिशेब होता, असा अनेकांचा कयास आहे. संसदेने राजीनामा निमूटपणे स्वीकारला.

त्या काळी उपाध्यक्षासाठी वेगळे मत असे. त्यामुळे उपाध्यक्ष होते विरुद्ध गोटातले जोआव गुलार्ट, वार्गास यांचे शिष्य, आणि ते त्या वेळी चीनच्या दौऱ्यावर गेलेले. तिन्ही सेनादलांच्या मंत्र्यांनी जाहीर केले की हा माणूस साम्यवाद्यांच्या जवळचा आहे, त्याला शपथ घेऊ देणार नाही. गुलार्ट यांच्या बहिणीचे यजमान लिओनेल ब्रिझोला दक्षिणेकडील एका राज्याचे गव्हर्नर होते. त्यांनी रेडिओवरून घटनेच्या बाजूने लोकांना उठवले. तिथले सैन्यही त्यांच्याकडे आले. मग तडजोड झाली. संसदेने काही दिवसांत घटना बदलून पंतप्रधानपद निर्माण केले, अध्यक्षाचे बहुतेक अधिकार काढून घेतले आणि ७ सप्टेंबरला गुलार्ट यांना शपथ दिली. रक्तपात टळला, पण एका माणसासाठी घटना वाकवता येते हे सर्वांना कळले. जानेवारी १९६३ च्या सार्वमताने अधिकार परत दिले, तोवर महागाईने लोक हैराण झाले होते.

गुलार्ट यांना जमीनसुधारणा हवी होती, आणि निरक्षरांना मताचा हक्क. तेव्हाच्या घटनेनुसार लिहिता-वाचता न येणाऱ्याला मत नव्हते. पाउलो फ्रेरी या शिक्षकाने १९६३ मध्ये ईशान्येकडील आंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत वाचायला शिकवून दाखवले होते. ही पद्धत देशभर न्यायची तयारी सुरू झाली. अक्षर शिकवणे म्हणजे मतदार तयार करणे, हे जमीनदारांना आपल्याआधी समजले असावे. सत्ताबदलानंतर फ्रेरी यांना अटक झाली आणि पुढे देश सोडावा लागला. आम्ही दोघेही शिक्षक. हा भाग वाचताना फळ्यासमोरची आमची जागा आठवली.

साओ पावलोला परतल्यावर भाऊ आम्हाला कॅथेड्रलसमोरच्या से चौकात घेऊन गेला. १३ मार्च १९६४ रोजी गुलार्ट यांनी रिओच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोर प्रचंड सभा घेऊन जमीन आणि तेलशुद्धीकरणाविषयीच्या हुकमांवर सह्या केल्या होत्या. सहा दिवसांनी या शहरात कुटुंब, ईश्वर आणि स्वातंत्र्य यांच्या नावाने विराट मोर्चा निघाला आणि या चौकात आला. त्यात आया होत्या, नोकरदार होते, दुकानदार होते. घर-संसाराची खरीखुरी काळजी असलेली माणसे. घाबरलेल्या या माणसांना वाटत होते की लष्कर येईल, घडी बसवील आणि परत जाईल.

३१ मार्चला मिनास जेराइस राज्यातून सैन्य रिओकडे निघाले. २ एप्रिलच्या पहाटे, आम्ही पाहिलेल्या त्या संसदेत, अध्यक्षपद रिकामे असल्याचे जाहीर झाले. गुलार्ट तेव्हा देशातच होते. ११ एप्रिलला संसदेने जनरल कास्तेलो ब्रांको यांना निवडले. त्यांना मत देणाऱ्यांत सिनेटर कुबिचेकही होते. १९६५ ची निवडणूक त्यांना लढवायची होती. दोनच महिन्यांत त्यांचे राजकीय हक्क काढून घेतले गेले. ती निवडणूक झालीच नाही. १९६५ मध्ये जुने पक्ष बरखास्त झाले, डिसेंबर १९६८ मध्ये संसदेला टाळे लागले. एकामागून एक पाच जनरल अध्यक्ष झाले.

लुझ रेल्वे स्थानकाजवळ राजकीय पोलिसांची जुनी इमारत आता स्मारक आहे. तिच्या कोठड्यांत आम्ही उभे राहिलो. आपला ‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आला, असे मानतात. सत्यशोधन आयोगाने २०१४ मध्ये या काळातील मृत आणि बेपत्ता ४३४ जणांची नोंद केली.

‘दोन वर्षे मिलिटरीच्या हाती द्या, सगळे सरळ होतील’ हे वाक्य आम्ही आपल्याकडेही एस.टी.त, लग्नघरात, शिक्षकखोलीत ऐकतो. ८ जानेवारी २०२३ रोजी ब्राझिलियाच्या त्याच चौकातील तिन्ही इमारतींवर जमाव चालून गेला, त्यातही लष्कराला बोलावणारे अनेक होते. त्यांना आणि आपल्याला एक साधा हिशेब सांगावासा वाटतो. मत ही अमानत आहे, असे आपण मुलांना सांगतो. ब्राझीलमध्ये १९६० मध्ये अठराव्या वर्षी ज्याने राष्ट्राध्यक्षासाठी पहिले मत दिले, त्याला दुसरे मत थेट १९८९ मध्ये देता आले. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता.